करंजबेटाची बाव

सुमेधाने खारटपणा मोजायच्या यंत्राची काडी कळशीतल्या पाण्यात बुडवली, आकडा पाहिला आणि गप्प राहिली. एरवी ती आकडा मोठ्याने वाचायची, "आजही चढलाय गं" असं काहीतरी पुढे जोडायची. आज तिने काडी ओढणीला पुसून डबीत ठेवली आणि ती बावेच्या कठड्यावर बसली.

"रोशनी, उद्या गावकीत मी काय बोलणार आहे ते आधी तुला सांगते. मग माझ्याबरोबर उभं राहायचं की नाही, ते तू ठरव."

पुढे काय येणार हे रोशनीला ठाऊक होतं. ते कुणी तोंडावाटे काढू नये, एवढंच तिला गेले कित्येक दिवस वाटत होतं.

करंजबेट राजोडीच्या किनाऱ्यासमोर, होडीने अर्ध्या तासावर. चहूकडून खारा दर्या आणि मधोमध गोड्या पाण्याची एकच विहीर. इथले लोक तिला बाव म्हणतात. बेटावर ना नदी, ना ओढा. पावसाचं पाणी बावेशेजारच्या मोठ्या खड्ड्यात, म्हणजे बावखलात साठायचं, वाळूतून झिरपायचं आणि वर्षभर बावेत उतरायचं. त्या पाण्याच्या जिवावर बेटावरच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दर्या पाहिला. बाहेरगावची होडी पाण्याला आली तर ती वैऱ्याची असली तरी तिला नाही म्हणायचं नाही, असा इथला रिवाज. भरतीच्या वेळी बावेला हात लावायचा नाही, रहाट बसवायचा नाही, हाताने शेंदता येईल तेवढंच पाणी काढायचं, हे नियम बायका लेकीसुनांना सांगत आलेल्या.

सुमेधा हेच सगळं अभ्यासायला आली होती. ती वाढली विरारच्या मनवेलपाड्यात, शिकली मानववंशशास्त्र. दर्यावर फिरणारी माणसं बेटावरचं गोडं पाणी कसं शोधत, कसं वाटून घेत, कसं राखत, हा तिचा विषय. दिवाळीनंतर ती आली आणि हरेश्वर तांडेलांच्या घरी मागच्या खोलीत राहिली. बेटावरच्या म्हाताऱ्यांची बोली तिला पटकन कळेना, म्हणून तांडेलांची सून रोशनी तिच्यासोबत घरोघर फिरू लागली. रोशनी मूळची राजोडीची, बारावीपर्यंत शिकलेली. सुमेधाने विचारावं, रोशनीने बोलीत फिरवून सांगावं, असं चार महिने चाललं. दोघींचं चांगलं जमलं होतं.

"बाव खारट झाली ती, गाव म्हणतं तशी, राजोडीच्या रिसॉर्टवाल्यांच्या पंपांमुळे नाही," सुमेधा म्हणाली. "मधे समुद्र आहे. त्यांचं पाणी वेगळं, आपलं वेगळं. बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. हळू काढलं तर सायच हाताला लागते. खोलवर मोटार लावून उपसलं की खालचं खारं वर चढतं. आणि वरून भर घालणारं बावखलच बुजवलं, तर साय धरणार कुठून?"

बावखल बुजवलं होतं रोशनीच्या सासऱ्यांनी. त्यावर हिरवळ लावली, झोपाळे टांगले, पाठीमागे पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबईहून माणसं यायची. त्यांच्यासाठी हिरवळीवर उंच नळ बसवले होते, त्यांतून खोटा पाऊस पडायचा आणि खाली पाहुणे गाणी लावून नाचायचे. त्या पावसाचं पाणी नव्या बोअरचं. त्या बोअरची मोटार रोज सकाळी चालू करणारी रोशनीच.

"जानेवारीत मोटार जळली होती, आठवतं?" सुमेधाने विचारलं. "पंधरवडाभर बंद होती. तेव्हा बावेचा आकडा खाली आला. मोटार चालू झाली, परत चढला. मला ह्याकडे डोळेझाक करता येत नाही गं."

"त्यांच्या घरात राहून त्यांच्याविरुद्ध बोलणार?"

"बोलायचं नसतं तर बरं झालं असतं. पण गावकीने मलाच विचारलंय, पाणी का खारवलं. तांडेलांनीच सुचवलं माझं नाव. रिसॉर्टवाल्यांविरुद्ध पुरावा मिळेल म्हणून."

रोशनीने कळशी उचलून कमरेवर घेतली. दोघी घराकडे निघाल्या.

घरी ओटीवर सिस्टर सालोमी बसली होती. ती आगाशीकडची, आरोग्य केंद्राची नर्स. ठरलेल्या दिवशी होडीने येऊन बेटावरच्या बायकापोरांना तपासून जायची. तिच्यासमोर तांडेलांची मुलगी स्वप्ना पाय लांब करून बसली होती. पहिलटकरीण, आठवा लागलेला, बाळंतपणाला माहेरी आलेली. पाय एवढे सुजले होते की पैंजण काढून ठेवावे लागले होते.

"प्रेशर परत चढलंय," हातावरचा पट्टा सोडवत सालोमी म्हणाली. "शकूमावशी, मीठ बंद करा सांगितलेलं ना?"

"केलंय बाय," शकू, रोशनीची सासू, म्हणाली. "भाजीत नाय, भातात नाय. सुकी मच्छी तर घरातच आनली नाय. पोरगी अळनी खाऊन कावलीये."

"मग सोमवारी विरारला न्या हिला, मोठ्या हॉस्पिटलात. आणि ऐक स्वप्ना, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर उद्या बघू म्हणायचं नाही. तेव्हाच्या तेव्हा होडीत बसायचं."

स्वप्नाने मान हलवली आणि रोशनीकडे हात केला. "वैनी, पानी दे ना."

रोशनीने कळशीतून तांब्या भरला. स्वप्नाने तो एका दमात संपवला आणि परत पुढे केला. दुसरा तांब्या भरताना रोशनीचा हात थबकला. भाजीत मीठ नाही, भातात नाही. पण दिवसभर ही पोरगी पिते काय? खोल्यांवरच्या पाहुण्यांसाठी राजोडीहून बाटलीबंद पाण्याचे जार यायचे. घरातली माणसं बावेचंच प्यायची. इतक्या हळूहळू खारवलं होतं ते, की जिभेला सवय होऊन गेली होती.

तिने सुमेधाला खुणेने मागच्या पडवीत बोलावलं आणि मनात आलेलं सांगितलं. सुमेधाचा चेहरा उतरला.

"दुसऱ्या किनाऱ्यांवर डॉक्टरांनी हे पाहिलंय, खाऱ्या पाण्याने गरोदर बायांचं प्रेशर चढतं ते," ती सावकाश म्हणाली. "पण स्वप्नाला ह्यानेच झालं असं मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. सिस्टरला सांगू. आणि आजपासून तिला जारचंच पाणी दे."

सालोमीने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "हे मला आधी सुचायला हवं होतं," एवढंच ती म्हणाली. त्या संध्याकाळपासून स्वप्नाच्या उशाशी जारचं पाणी आलं. तांडेलांना त्याचं कारण कुणी सांगितलं नाही.

रोशनीने नवऱ्याला मात्र सांगायचं ठरवलं. अल्पेश खोल्यांमागे चादरी वाळत घालत होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बोटीचं इंजिन भर दर्यात बंद पडलं होतं आणि ती वाऱ्यावर वाहत गेली होती. पाण्याची पिंपं संपली. सापडला तेव्हा अल्पेशचे ओठ फाटलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली. त्यानंतर तो झोपेत दचकून उठायचा, पाणी पाणी करायचा. बापाने त्या दिवसात एकच ठरवलं, ह्या पोराला परत दर्यावर पाठवायचं नाही. खोल्या त्यासाठी होत्या. आणि खरं सांगायचं तर रोशनीलाही त्या हव्या होत्या. नवरा रोज संध्याकाळी घरी दिसतो, ह्याहून मोठं सुख तिला माहीत नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. चादर हातात तशीच धरून त्याने ऐकलं.

"मोटार बंद म्हंजे खोल्या बंद," तो म्हणाला. "मग मी काय करू?"

"दुसरं काहीतरी..."

"दुसरं काय हाय इकडं?" आवाज न चढवता त्याने विचारलं. "मला परत पाठवतेस, रोशनी?"

अल्पेशने चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि तो आत गेला. रात्रीच्या जेवणाआधी त्याने बापाच्या कानावर घातलं असावं. कारण तांडेल ताटावर बसले ते रोशनीकडे न बघता. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "उद्या गावकीत बायकांनी बोलायची गरज नाय. म्याडमला जे बोलायचं ते बोलू दे. घरची मानसं गप बसतील."

समोर बसलेल्या सुमेधाचा घास हातातच राहिला. शकूने सगळ्यांना वाढलं.

रविवारी दुपारी पाहुण्यांची शेवटची होडी गेली आणि गावकी देवळाच्या मंडपात बसली. ओहोटी लागली होती. धक्क्यालगतच्या होड्या एकेक करून चिखलावर कलंडत होत्या. पुरुष पुढे, बायका खांबांशी. तांडेल मधोमध. राजोडीच्या रिसॉर्टवाल्यांविरुद्ध तहसीलदाराकडे कुणी जायचं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. फक्त सुमेधाच्या तोंडून पुरावा हवा होता.

सुमेधा उभी राहिली. गोडं पाणी खाऱ्यावर कसं तरंगतं ते तिने सांगितलं, बेटावरचे जुने नियम किती शहाणपणाचे होते ते सांगितलं. लोक माना डोलावत होते. मग ती म्हणाली, "राजोडीच्या पंपांचा ह्या बावेशी संबंध नाही. बावखल बुजवल्यापासून आणि बोअरची मोटार सुरू झाल्यापासून बाव खारवली."

बोअर बेटावर एकच होती.

"परत सांगा," तांडेल म्हणाले.

तिने परत सांगितलं.

"माझ्या घरात ऱ्हायलात," तांडेल उठून उभे राहिले. उंच माणूस, जन्मभर सुकाणू धरलेले हात. "माझ्या पंक्तीला जेवलात. माझ्या घरचं मीठ खाल्लंय तुमी, म्याडम."

"खाल्लंय, तांडेल. म्हणूनच खोटं बोलवत नाही."

"यंत्र तुमचं, आकडे तुमचे. आमी कसं मानायचं?" त्यांनी मंडपभर नजर फिरवली आणि ती खांबाशी उभ्या असलेल्या सुनेवर येऊन थांबली. त्यांना तिच्या गप्प राहण्याची खात्री असावी. "ही चार म्हैने तुमच्यासंगती फिरली. रोज पानी भरती हीच, मोटार लावती हीच. विचारा तिला. सांग रोशनी, मोटारीनं बाव खारी झाली का?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. अल्पेश पुढच्या रांगेत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याची मान ताठ झालेली तिला दिसली. नाही म्हटलं की संपलं. सुमेधा उद्याच्या होडीने जाईल, खोल्या चालतील, नवरा घरी राहील. रोशनीने जिभेवर 'नाय' घेतलंही होतं. पण तोंड उघडलं तेव्हा तिला आतून कोरड पडलेली जाणवली. सकाळी दोन तांबे पिऊनही न गेलेली कोरड.

"मीठच खातोय आपन, बाबा," ती म्हणाली. "समदं गाव. पान्यातून." मग आवाज सापडल्यासारखी ती पुढे बोलत गेली. "मोटार जळली तवा बाव गोडीला आली व्हती. बायकांनो, तुमी बोलला व्हता, आज डाळ शिजली म्हनून. ती सुरू झाली, परत डाळ शिजंना. हे मला यंत्राबगर कळत व्हतं."

एकदोन बायकांनी खाली पाहिलं. होकार कुणी दिला नाही.

मग जे झालं त्याची ना सुमेधाला कल्पना होती ना रोशनीला. गाव तांडेलांवर उलटेल असं दोघींनी धरलं होतं. उठला तो विलास. त्याच्या घरामागे नव्या खोल्यांचा चौथरा घातलेला होता. "म्हंजे आता कुनीच खोल्या बांधायच्या नाय का?" त्याने विचारलं. "मच्छी ऱ्हायली नाय. पोरं विरारला जाऊन वॉचमन व्हतात. आता कुठं चार मानसं इकडं यायला लागली, तर ह्या म्याडम आमच्यातच आग लावून देतायत. रिसॉर्टवाल्यांनी तर धाडली नाय ना हिला?"

बांध फुटल्यासारखे आवाज उठले. खोल्यांचं स्वप्न घरटी एक होतं. बाहेरची बाई, घरभेदी सून, असं काय काय रोशनीच्या कानावर आलं. कुणीतरी म्हणालं, भरती आली की ह्यांना पहिल्या होडीत बसवा. तांडेल कुणाला थांबवत नव्हते.

तेवढ्यात देवळामागून शकू आली. ती कधी धावत नसे. आता डोक्यावरचा पदर पडलेला, चपलांचं भान नाही.

"स्वप्नाला दिसंना झालंय," ती म्हणाली. "डोक्यात घन पडतायत म्हनती. उजेडाच्या चांदन्या दिसतायत."

सालोमीचे शब्द रोशनीला आठवले, पण तिच्याआधी सुमेधाने फोन काढला होता. सालोमी लगेच मिळाली. "ताबडतोब आणा," तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "मी गाडी राजोडीच्या किनाऱ्यावर लावायला सांगते. डाव्या कुशीवर ठेवा तिला. एकटं सोडू नका."

पण धक्क्याशी पाणी नव्हतं. तांडेलांची होडी चिखलात रुतली होती. भरती यायला अजून कितीतरी अवकाश होता. खोल पाण्यात एकच होडी तरंगत होती, विलासची, चिखलाच्या पलीकडे. क्षणापूर्वी जो आग ओकत होता तो विलास पँट गुडघ्यावर चढवून चिखलात उतरला. इंजिन सुरू करायला तो पुढे गेला आणि बाकीचे तांडेलांच्या घराकडे पळाले.

स्वप्नाला खाटेसकट उचललं. चौघांनी खूर खांद्यावर घेतले, त्यात अल्पेश आणि तांडेलही होते. चिखल गुडघ्यापर्यंत, कुठे मांडीपर्यंत. एकाचा पाय रुतला की खाट कलायची आणि बायका दोन्ही बाजूंनी हात लावायच्या. रोशनी डोक्याशी चालत होती. स्वप्ना डोळे मिटून एकच म्हणत होती, "उजेड बंद करा." ऊन मावळतीकडे झुकलेलं, समोर दर्या चकाकत होता. रोशनीने ओढणी काढून तिच्या डोळ्यांवर टाकली.

होडी सुटली तेव्हा आत सातजण होते. विलास इंजिनावर, तांडेल सुकाणूवर. शकूने लेकीचं डोकं मांडीवर घेतलेलं, अल्पेश आणि रोशनी दोन्ही अंगांना, सुमेधा फोन कानाला लावून. तिला होडीत बसू नको असं कुणी म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही.

अर्धं अंतर गेलं आणि तळाला खरखर झाली. ओहोटीने वाळूचा उंचवटा वर आला होता. होडी थांबली. विलासने इंजिन रेटलं, ते नुसतं गढूळ पाणी उडवत राहिलं.

"उतरा," तांडेल म्हणाले. अल्पेश उडी टाकून कमरेएवढ्या पाण्यात उतरला. दर्याच्या पाण्यात तो दोन वर्षांत पहिल्यांदा शिरत होता. रोशनीने ते पाहिलं आणि नजर वळवली. मागोमाग विलास, मग ती स्वतः आणि सुमेधाही. खांदे लावून ते ढकलत होते, पाय वाळूत सटकत होते आणि होडी बोटभर हलायची, परत बसायची.

वरून स्वप्नाचा आवाज आला. "पानी. बाबा, घोटभर पानी."

जारचं पाणी घाईत घरीच राहिलं होतं. होडीच्या कोपऱ्यात विलासचा कॅन होता, बावेवर भरलेला. तांडेलांनी सुकाणू सोडून त्याचं झाकण काढलं, पेल्यात ओतलं आणि पेला लेकीच्या ओठाशी नेला.

"ते नको," शकू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने नवऱ्याचा हात धरला असेल. "आदी तुमी पिऊन बगा."

तांडेल दिवसभर खोल्यांवर असायचे. चहा तिथला, पाणी तिथल्या जारचं. घरी फक्त जेवायला यायचे आणि ताटाशी तांब्यात शकू त्यांच्यापुरतं जारचंच ठेवायची, घरधन्याला चांगलं म्हणून. हे रोशनीला तेव्हा एकदम कळलं. बावेचं पाणी त्या माणसाने कित्येक महिन्यांत चाखलंच नव्हतं.

तांडेलांनी एक घोट घेतला. तो गिळायला त्यांना वेळ लागला. मग पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांनी दर्यात ओतलं, कॅनचं झाकण लावलं आणि आपणही पाण्यात उतरले. त्यांचा खांदा लागला तशी होडी सरकली. सुमेधाने पिशवीत हात घालून आपली अर्धी उरलेली बाटली वर शकूकडे दिली.

राजोडीचा किनारा जवळ दिसत होता, गाडीचा लाल दिवा फिरताना दिसत होता. तेव्हाच स्वप्नाचं अंग ताठलं. हात वाकडे झाले, जबडा आवळला आणि सगळं शरीर हिसके देऊ लागलं. सुमेधा फोनवरचं ऐकून ओरडून सांगत होती, "धरून ठेवू नका, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका." रोशनीने स्वप्नाला आपल्याकडे वळवून घेतलं. झटका थांबला तेव्हा स्वप्ना इतकी निपचित पडली की श्वास चालू आहे का हे पाहायला रोशनीने तिच्या नाकाशी गाल नेला. चालू होता.

विरारला पोहोचताच डॉक्टरांनी तिला आत नेलं आणि ऑपरेशन केलं. मुलगी झाली, तळहाताएवढी, रडलीसुद्धा नाही नीट. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. स्वप्ना दुसऱ्या दिवसापर्यंत शुद्धीवर नव्हती. बाहेरच्या बाकड्यावर तांडेल ओल्या धोतरानेच बसून राहिले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा ते उठले.

"खाऱ्या पान्यानं व्हतं का हे?" त्यांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही, काका," त्या म्हणाल्या. "ह्याला कारणं बरीच असतात. पण तुमच्याकडचं पाणी तसं असेल तर ते चांगलं नाही."

तांडेल खाली बसले. नक्की हो म्हणाल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं, असं रोशनीला त्यांच्याकडे बघून वाटलं. दोषी ठरून मोकळं होता आलं असतं. नाही म्हणाल्या असत्या तरीही. आता दोन्हीतलं काहीच हाती नव्हतं.

स्वप्नाने डोळे उघडले, आईला ओळखलं. नजर निवळायला मात्र आठवडा गेला. पोर पेटीत तग धरून राहिली.

मधल्या शनिवारी स्वप्नापाशी तिचा नवरा थांबला होता आणि इकडे खोल्यांवर पाहुणे यायचे होते. तांडेल बेटावर परतले आणि सवयीने मोटारीच्या खोपीकडे गेले. दाराच्या उंबऱ्यावर शकू कोलंबी सोलत बसली होती.

"सर जरा," ते म्हणाले.

"नाय," शकू म्हणाली. मान वर केली नाही.

"पाव्हने येतायत."

"येऊ दे. पानी राजोडीहून आना त्यांना."

"होडीनं? एवढं पानी?"

"आमी डोईवरनं आनतोच की," ती म्हणाली आणि पुढची कोलंबी हातात घेतली.

रोशनी ओटीवरून बघत होती. तिला वाटलं, आता आवाज चढेल. पण तांडेल वळले, घरात गेले, आणि अल्पेशला त्यांनी पाहुण्यांना नाही कळवायला सांगितलं. दोन दिवसांनी भल्या पहाटे हिरवळीवर कुदळीचा आवाज आला. तांडेल एकटेच खणत होते. झोपाळ्याचे खांब त्यांनी आधीच उपटून बाजूला टाकले होते. गावातली माणसं येताजाता थांबत, पाहत आणि निघून जात. कुणी टोमणा मारला नाही, कुणी मदतीलाही आलं नाही. चौथ्या दिवशी विलास फावडं घेऊन आला. आपला चौथरा आपण सोडणार नाही, हे त्याने आल्याआल्याच बजावलं, आणि मग माती उपसायला लागला.

सुमेधा सामान बांधून निघताना ओटीवर आली. बेटाचं नाव आपल्या लेखनात घालणार नाही असं तिने सांगितलं. तांडेलांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. ते माफी मागणं होतं की निरोप देणं, रोशनीला कळलं नाही. सुमेधालाही कळलं नसावं.

पावसात बावखल भरलं. बावेच्या पाण्याचा खारटपणा थोडा उतरला, पण ते गोडं झालं असं कुणी म्हणेना. एका पावसाने व्हायचं नाही, असं सुमेधाने फोनवर सांगितलं. तोवर पिण्याचं पाणी राजोडीहून होडीने येत राहिलं, घरोघर मोजून.

नारळी पौर्णिमा झाली आणि अल्पेश विलासच्या बोटीवर गेला. जायच्या सकाळी तो धक्क्यावर जाळी चढवत होता आणि रोशनी पाण्याची पिंपं मोजत होती. एक, दोन, परत पहिल्यापासून. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी पाठवलं नाही तुला, असं. पण ते खरं होतं का, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

"पुरं की," तो म्हणाला. "दोन जास्तीची हायत."

"अजून एक घे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि आणखी एक पिंप आत चढवलं. बोट सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत रोशनी धक्क्यावर उभी होती. मग घरातून स्वप्नाच्या लेकीचं रडणं ऐकू आलं, तशी ती वळली. पोरीचा आवाज आता चांगलाच मोठा झाला होता.